शर्यतीचा घाट

मराठीतला ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’च्या कुळातला आहे. शर्त म्हणजे अट, करार, पण. धावण्याशी त्याचा मूळचा संबंध नाही. कोणीतरी अटी मांडल्या, दुसऱ्याने त्या मान्य केल्या, आणि त्या मान्यतेतून जी चढाओढ उभी राहिली तिला शर्यत हे नाव मिळाले. ‘घाट’ हा शब्द याहून बहुरूपी आहे. नदीला घाट असतो, डोंगराला घाट असतो, कादंबरीचाही घाट असतो. आणि एखादे मोठे काम अंगावर घेतले की आपण त्याचा ‘घाट घातला’ असे म्हणतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या उत्तर पुणे जिल्ह्यातील तालुक्यांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. गावाबाहेरचा चढाचा जो पट्टा बैलगाडा पळवण्यासाठी राखलेला असतो, त्यालाही तिथे घाटच म्हणतात.

या दोन शब्दांचा आधार घेऊन आम्हांला एका वरकरणी अगदी वेगळ्या विषयाकडे जायचे आहे. आंतरराष्ट्रीय मोटार शर्यतींसाठी जगभर नवी यजमान स्थळे शोधली जातात. भारतातही हा शोध पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे आणि दर काही वर्षांनी एखाद्या नव्या शहराचे नाव पुढे येते. अशा चर्चेत जमिनीचा उतार, विमानतळाचे अंतर, हॉटेलांच्या खोल्या, प्रेक्षकांची क्रयशक्ती यांची मोजदाद होते. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शर्यत म्हणजे जर शर्त, तर ती कोण घालतो आणि कोण मान्य करतो? जुन्नर-आंबेगावचा परिसर समोर ठेवून आम्ही या प्रश्नाचा इतिहास तपासू इच्छितो. शर्यतीचे यजमानपद करण्याची या भूमीची स्वतःची रीत आहे. शिवाय देशाच्या मोटार उद्योगाचे एक मोठे केंद्र असलेले चाकण पुणे-नाशिक महामार्गाने इथून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. म्हणजे तुलना ओढूनताणून आणण्याची गरज नाही. ती एका रस्त्याच्या दोन टोकांना उभी आहे.

प्रथम मोटार शर्यतीच्या स्थळांचा इतिहास थोडक्यात पाहू. आरंभीच्या काळात शर्यतीसाठी वेगळी जागा नव्हतीच. गावागावांना जोडणारे सार्वजनिक रस्ते हेच मैदान होते. मोनॅकोची ग्रां प्री १९२९ साली शहराच्या रस्त्यांवर सुरू झाली आणि आजही त्याच रस्त्यांवर होते. दुसऱ्या महायुद्धाने एक नवी जागा दिली: युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या धावपट्ट्या. १९५० साली फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पहिली शर्यत इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झाली, तो मुळात हवाई दलाचा तळ होता. भारतातही तेच घडले. मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर अनेक दशके शर्यती होत राहिल्या, आणि पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा शर्यतमार्ग बांधला गेला. या टप्प्यावर शर्यत ही पाहुणी होती. जागा दुसऱ्याच कारणासाठी घडलेली असे; शर्यत तिथे येई, धावे आणि निघून जाई.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाते उलटले. १९९९ साली मलेशियातील सेपांग येथे, खास शर्यतीसाठी कोऱ्या जमिनीवर बांधलेल्या भव्य मार्गावर फॉर्म्युला वन आली. त्यामागोमाग २००४ साली बहारीन आणि शांघाय, २००५ साली इस्तंबूल, २०१० साली दक्षिण कोरियातील येओंगआम, अशी मालिका सुरू झाली. यांपैकी बहुतेक मार्ग हर्मान टिल्के या एकाच जर्मन रचनाकाराच्या हातचे आहेत. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मार्गांच्या श्रेणी ठरवल्या आहेत. फॉर्म्युला वनसाठी पहिल्या श्रेणीचा परवाना लागतो. त्यात वळणांपासून वैद्यकीय केंद्रापर्यंत सारे नेमून दिलेले असते. आता जागेला शर्यतीच्या मापाचे व्हावे लागू लागले. एवढे करून ती शर्यत टिकतेच असेही नाही. सेपांगची शर्यत २०१७ साली शेवटची झाली, येओंगआमची अवघ्या चार वर्षांत, २०१३ साली.

याच इतिहासातील एक प्रसंग आम्हांला विशेष सूचक वाटतो. १९५५ साली फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत शिरली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर शेजारच्या स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवर बंदिस्त मार्गावरच्या मोटार शर्यतींवर बंदी घातली. ती इतकी दीर्घकाळ टिकली की १९८२ सालची ‘स्विस ग्रां प्री’ फ्रान्समधील दिजाँ येथे भरवावी लागली. नाव एका देशाचे, माती दुसऱ्याची. पुढे २०१८ साली झुरिकमध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारींची शर्यत होऊ शकली, पण तीही अपवाद म्हणून. एखाद्या समाजाने शर्यतीला आपली अट घातल्याचे हे उदाहरण आहे. ‘बंदी’ या शब्दाकडे आपण केवळ नकार म्हणून पाहतो. वस्तुतः बंदी ही समाजाने घातलेली सर्वांत कडक शर्त असते. जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात याकडे आपल्याला परत यायचे आहे.

भारतातील घटनाक्रम आता पाहू. चंद्राबाबू नायडू यांच्या सरकारने हैदराबादजवळ फॉर्म्युला वन आणण्याची योजना मांडली होती. २००४ साली सरकार बदलले आणि योजना बारगळली. जून २००७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष आणि पुण्याचे तत्कालीन खासदार सुरेश कलमाडी यांच्या पुढाकाराने दिल्ली परिसरातील शर्यतीसाठी प्राथमिक करार जाहीर झाला. अखेर उत्तर प्रदेशात, ग्रेटर नोएडाच्या परिसरात, सुमारे पाच किलोमीटरचा ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’ हा मार्ग उभा राहिला आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी तिथे पहिली भारतीय ग्रां प्री झाली. पुढची दोन वर्षेही ती झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटल जिंकला. त्यानंतर ती झाली नाही.

या तीन वर्षांच्या कथेला दोन उपकथानके आहेत आणि ती मुख्य कथेपेक्षा बोलकी आहेत. पहिले जमिनीचे. हा मार्ग ज्या यमुना द्रुतगती महामार्गाच्या पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात जमीन संपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले होते. मे २०११ मध्ये, पहिल्या शर्यतीच्या जेमतेम सहा महिने आधी, भट्टा पारसौल गावातील संघर्षात दोन पोलीस आणि दोन शेतकरी मारले गेले. दुसरे उपकथानक शब्दाचे. फॉर्म्युला वन हा खेळ की करमणूक, असा वाद उभा राहिला, कारण करमणूक ठरली तर तिकिटांवर कर लागू होत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा आदेश झाला. खेळ आणि करमणूक यांतील सीमारेषा हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित प्रश्न. इथे तो कोट्यवधी रुपयांचा झाला. पुढे २०२० साली यमुना द्रुतगती औद्योगिक विकास प्राधिकरणाने थकबाकीच्या कारणावरून त्या कंपनीला दिलेल्या सुमारे एक हजार हेक्टर क्षेत्राचे वाटप रद्द केले, आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो निर्णय योग्य ठरवला.

त्यानंतरचे प्रयत्नही याच चालीचे आहेत. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादच्या रस्त्यांवर विजेच्या मोटारींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. त्या वर्षअखेरीस राज्यात सत्तांतर झाले आणि दुसऱ्या वर्षीची शर्यत रद्द झाली. दोन दशकांच्या अंतराने एकाच शहरात एकच गोष्ट दोनदा घडावी, यावरून अशा शर्यतींची मुळे मातीत किती रुजलेली असतात याचा अंदाज यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध मार्गावर मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. २०२४ साली ती झाली नाही. पुणे जिल्ह्याच्या वाट्यालाही एक तुकडा आला. २८ जानेवारी २०२४ रोजी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात, परदेशी स्वारांच्या सहभागाने, सुपरक्रॉस या मोटारसायकल प्रकाराच्या लीगची पहिली फेरी झाली. सुपरक्रॉसची रीत अशी की मैदानात माती आणून तिचे उंचवटे घडवायचे आणि शर्यत संपली की ती माती हलवायची. शर्यतीसाठी जागाच नव्हे, तर मातीही पाहुणी असू शकते, हे यात दिसते.

आता महामार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ. चाकण मागे टाकून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशा वाटेने गेले की बैलगाड्याचा मुलूख लागतो. या भागातील बैलगाडा शर्यतीचा घाट, आम्ही रचना या अर्थानेही घाटच म्हणतो, महाराष्ट्रातील इतर बैल-शर्यतींहून निराळा आहे. विदर्भातील शंकरपटात किंवा दक्षिण महाराष्ट्रातील मैदानांत जोड्या एकमेकींशी स्पर्धा करतात आणि गाडीवर हाकणारा असतो. इथे गाडा एकटाच धावतो. हलक्या लाकडी गाड्याला चार बैल, दोन मागे आणि दोन पुढे. त्यांच्यापुढे वाट दाखवत धावणारी घोडी आणि तिच्यावरचा स्वार. गाड्यावर कोणी नाही. सुरुवातीच्या फळीपाशी बैल धरून ठेवणारी माणसे ते सोडतात, आणि गाडा चढ चढून शेवटच्या निशाणापर्यंत किती सेकंदांत पोचतो हे मोजले जाते. या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. क्रमांक वेळेच्या टप्प्यावर ठरतात, त्यामुळे एकाच दिवशी पहिल्या क्रमांकात अनेक गाडे येऊ शकतात. सर्वांत कमी वेळ घेणारा ‘घाटाचा राजा’ होतो. प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नाही, लढत घड्याळाशी आणि चढाशी, असा हा प्रकार आहे.

स्थळाच्या दृष्टीने यात महत्त्वाची गोष्ट ही की घाट हा यात्रेचा अवयव आहे. आंबेगाव तालुक्यातील नागापूरजवळच्या थापलिंग गडावर पौष पौर्णिमेला खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यासोबत बैलगाडे पळतात. शेजारच्या खेड तालुक्यात निमगाव दावडीचा खंडोबा आणि तिथला घाट असाच प्रसिद्ध आहे. रब्बीची कामे उरकल्यावर चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा येतात. सकाळी देवाचा अभिषेक आणि पालखी, दिवसा बैलगाडे, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. तमाशाचे फड ठरवण्यासाठी यात्रा समित्यांची माणसे नारायणगावला येतात, तिथे फडांच्या राहुट्या उभ्या असतात. म्हणजे शर्यत ही स्वतंत्र घटना नाही. ती एका मोठ्या संहितेतील एक अंक आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, किती गाडे, बक्षीस किती, हे गावाने ठरवायचे. बाहेरगावच्या गाडामालकाने त्या अटी मान्य करून यायचे. यजमान गाव आणि पाहुणी शर्यत हे नाते इथे शाबूत आहे.

ही परंपरा किती जुनी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि उत्तरे देताना फार घाई केली जाते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मुद्गलाच्या शर्यतीचे एक सूक्त आहे. त्यात रथाला बैल जुंपलेला आहे आणि रथ हाकणारी मुद्गलानी ही स्त्री आहे. वाजपेय यज्ञाच्या विधीत सतरा रथांची धाव असते आणि ती यजमानानेच जिंकायची असते. हे दाखले रोचक आहेत, पण त्यांच्यापासून थापलिंगच्या घाटापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. परंपरेला प्राचीनतेचे प्रमाणपत्र जोडले म्हणजे तिचे समर्थन होते, ही समजूत आम्हांला मान्य नाही. मात्र वाजपेयातील एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे: यज्ञ करणाऱ्याला संस्कृतात ‘यजमान’ म्हणतात, आणि पाहुणे बोलावणाऱ्यालाही आपण तोच शब्द वापरतो. वाजपेयाच्या धावेत यजमान जिंकणार हे आधीच ठरलेले असते. आधुनिक यजमान शहरांच्या बाबतीत काय ठरलेले असते, हे आपण वर पाहिले.

घाटाचे चित्र इथवर रंगवून थांबलो तर ते खोटे ठरेल. या शर्यतीत धावणाऱ्याने अट मान्य केलेली नसते. मोटारीत बसणारा चालक धोका जाणून करारावर सही करतो. बैल सही करत नाही. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांना प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलीकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. प्राण्यांना होणारी मारहाण, टोचणी, छळ यांचे पुरावे त्या निकालात विचारात घेतले गेले होते, आणि ते सारेच कपोलकल्पित होते असे घाटाच्या प्रेमिकांनाही म्हणता येणार नाही. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात शिरूरचे खासदार आणि मूळचे नारायणगावचे अभिनेते अमोल कोल्हे यांनी बैलगाड्यापुढे घोडी पळवली, तेव्हा ती केवळ एक बारी नव्हती. प्रदीर्घ खटल्यातील विजयाची ती सार्वजनिक घोषणा होती.

या वृत्तपत्रीय तपशिलातील ‘सशर्त’ हा शब्द आम्हांला कळीचा वाटतो. पूर्वी अटी फक्त गाव घालत असे. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, काठी-चाबूक आणि विजेच्या धक्क्याला मनाई, अशा अटी बैलाच्या वतीने कायदा घालतो. मुक्या प्राण्याची शर्त मांडणारा एक पक्ष घाटात प्रथमच उभा राहिला. काहींना हे परंपरेवरील आक्रमण वाटते. आमच्या मते यामुळे ‘शर्यत’ हा शब्द आपल्या मूळ अर्थाच्या अधिक जवळ गेला. स्वित्झर्लंडने प्रेक्षकांच्या जिवासाठी जी अट घातली, तिचीच ही बहीण आहे. अटी पाळल्या जातात का, हा प्रश्न प्रत्येक यात्रेत नव्याने विचारावा लागेल. पण तो विचारण्याचा अधिकार आता मान्य झाला आहे. दरम्यान बक्षिसांच्या यादीत दुचाकी, ट्रॅक्टर, मोटारी आल्या आहेत. बैल धावतो आणि मालक मोटार जिंकतो. चाकणचा रस्ता असाही घाटापर्यंत पोचला आहे.

आता मूळ कल्पनेकडे वळू. समजा, उद्या कोणी जुन्नर किंवा आंबेगावात आंतरराष्ट्रीय मोटार शर्यतीचा घाट घातला. नकाशावर पाहणाऱ्याला जागा मोकळी दिसेल. पण ही भूमी मोकळी नाही. ती आधीच अनेक करारांनी बांधलेली आहे.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. आपले नावगाव पाण्याखाली असलेला हा तालुका आहे. त्या पाण्यावर खालच्या भागातील ऊस, भाजीपाला आणि द्राक्षे उभी आहेत. वरच्या भागातील आदिवासींनी त्यासाठी घरे सोडली. याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी डोंगरकडा कोसळून माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. उताराची जमीन कापणे, सपाट करणे हा इथे केवळ अभियांत्रिकीचा विषय राहिलेला नाही. शेजारच्या खेड तालुक्यात चाकण-राजगुरुनगर परिसरातील आंतरराष्ट्रीय विमानतळाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे गाजला, शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि २०१६ साली जागा पुरंदर तालुक्याकडे गेली. विरोधही तिकडे गेला. बुद्ध मार्गाच्या परिसरात जी कथा घडली, तिची पूर्वपीठिका इथल्या लोकांना शिकवावी लागणार नाही.

याहून विलक्षण अट जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली आणि २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ती वापरतात. म्हणजे आंतरराष्ट्रीय यजमानपद या तालुक्याने कधीच स्वीकारले आहे. ही जागा निवडण्याच्या कारणांत एक प्रमुख कारण होते शांतता, कानांना जाणवणारी नव्हे तर रेडिओ लहरींची. मोटारीच्या इंजिनात इंधन पेटवणारी ठिणगीसुद्धा अशा लहरी फेकते. दूरच्या आकाशगंगेकडून येणारा क्षीण संदेश त्यात हरवू शकतो. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा आराखडा रेल्वे मंत्रालयाने बाजूला ठेवला, त्यामागेही या दुर्बिणीला होणारा अडथळा हेच कारण २०२५ साली सांगितले गेले. ज्या रेल्वेची हजारो प्रवासी वाट पाहत होते तिला जिथे वळसा घ्यावा लागतो, तिथे वर्षातून तीन दिवस चालणाऱ्या शर्यतीला कोणती वाट मिळणार? रेल्वेचा तो निर्णय स्थानिकांना जाचक वाटला, हेही नमूद केले पाहिजे. यजमानपदाची किंमत मोजणारे आणि त्याचा गौरव मिरवणारे एकच असतात असे नाही, मग पाहुणा मोटार शर्यत असो वा विज्ञान.

अर्थात परक्या पाहुण्यांशी जुन्नरचा परिचय जीएमआरटीपासून सुरू होत नाही. सातवाहन काळात कोकणातील बंदरांकडून येणारा व्यापार नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. घाटाच्या माथ्यावर आजही एक दगडी रांजण आहे. जकात गोळा करण्यासाठी तो होता असे सांगितले जाते. तिथल्या लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि त्यात अश्वमेधाचा उल्लेख आहे. अश्वमेधाचा घोडाही धावतोच. पण त्याच्या धावण्यात अट एकाच बाजूने असते. तो जिथे जाईल ती भूमी घोडा सोडणाऱ्याची. याच्या अगदी उलट साक्ष जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांत सापडते. तिथल्या शिलालेखांत यवन दात्यांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी खोदवली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेल्या कुळातील ही माणसे. पण इथे वावरताना त्यांनी इथल्या धर्मदानाची रीत, इथली लिपी, इथली भाषा पत्करली.

नव्या यजमान स्थळांची चर्चा करताना हे दोन नमुने डोळ्यांसमोर असावेत असे आम्हांला वाटते. एक अश्वमेधाचा, ज्यात धावणाराच भूमीचे भवितव्य ठरवतो. दुसरा यवन दात्यांचा, ज्यात पाहुणा यजमानाच्या अटी मानतो आणि जाताना पाणी ठेवून जातो. सेपांगपासून ग्रेटर नोएडापर्यंतच्या शर्यतींचा इतिहास बहुतांशी पहिल्या नमुन्याकडे झुकलेला आहे. अटी महासंघाच्या, पैसा बाहेरचा, जमीन शेतकऱ्याची, आणि तीन-चार वर्षांनी उरलेली रिकामी आसने. बैलगाड्याच्या घाटाने दुसऱ्या नमुन्यातील निम्मी गोष्ट जपली आहे: इथे यजमान गाव अजून आपल्या अटी घालते. उरलेली निम्मी, म्हणजे धावणाऱ्या मुक्या जिवाची अट, त्याने कोर्टाच्या दारात शिकली आणि अजून पुरती आत्मसात केलेली नाही.

यातून मोटार शर्यती वाईट आणि बैलगाडा चांगला, असा सोपा निष्कर्ष काढू नये. चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या तरुणांना वेगाचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. कोल्हापूरजवळ छोट्या गो-कार्ट गाड्यांचा कायमचा मार्ग आहे आणि तिथे राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. लहान आकाराचे, स्थानिकांच्या हातातले असे स्थळ आणि हजार हेक्टरांचा प्रकल्प यांत जो फरक आहे, तो केवळ आकाराचा नाही. कोणतीही शर्यत कुठेही होऊ शकते, जर तिथल्या माणसांना, पाण्याला, प्राण्यांना आणि खोडदसारख्या ठिकाणी तिथल्या शांततेलाही आपली शर्त मांडता आली तर. तोवर नव्या स्थळाच्या प्रत्येक घोषणेपुढे एक साधा प्रश्न ठेवता येईल, आणि तो ठेवण्यासाठी शर्यतीचे तंत्र नव्हे, शब्दाचा अर्थ जाणणे पुरेसे आहे: हा घाट कोणी घातला आहे, आणि तो चढायचा आहे कोणाला?